वेशीबाहेरचा मामा

दाजी गाडीतून खाली उतरले नाहीत, एवढंच झालं होतं. पण मला तेवढं पुरेसं होतं, आणि आजही आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भूमच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात त्यांची बरी शेतीवाडी होती. दारात बैलजोड्या होत्या. मी मात्र त्यांच्या लेखी कायमचा गाठोडंवाला. म्हणजे पाठीवर गाठोडं घेऊन हिंडणारा कापडवाला. तसं ते खोटं नव्हतं. बापाच्या मागं माझ्या वाट्याला दोन पाय आणि एक तोंड आलं. त्यांच्या जिवावर मी लुगडी पाठीला बांधून बालाघाटच्या डोंगरांतून हिंडलो. जिथं गाडी चढत नाही आणि दुसरा दुकानदार फिरकत नाही, अशा वाड्यावस्त्या शोधून काढल्या. पुढं तेरखेड्यात स्वतःचं दुकान थाटलं. लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं तेव्हा निजामाचे अंमलदारसुद्धा माझ्या पायरीवर बसून 'शेटजी, शेटजी' करायचे. दाजींच्या तोंडातलं 'गाठोडंवाला' काही सुटलं नाही.

त्या साली भाचीचं लग्न ठरलं. आमच्यात मामाला आवतण द्यायची रीत आहे. घरी यायचं, बसायचं, हातावर अक्षत-सुपारी ठेवायची आणि तोंडानं 'चला' म्हणायचं. दाजींनी काय केलं? येरमाळ्याच्या भर बाजारात गाडी थांबवली, बैलांच्या शिंगांवरून मान उंच केली आणि ओरडले, "पोरीचं लगीन हाय पुनवेच्या आदल्या दिशी. ये."

एवढं बोलून कासरा हलवला आणि गेले. धुरळा माझ्या तोंडावर. शेजारचा तेलाचा व्यापारी म्हणाला, "कोण वो शेट हे? गिऱ्हाईक का?"

मी घरी येऊन सांगून टाकलं, मी लग्नाला जाणार नाही. ते फिरत फिरत बहिणीच्या कानावर गेलं.

आता अडचण अशी होती, की आमच्याकडं नवरी अक्षतांना मामानं आणलेल्या पिवळ्या लुगड्यात उभी राहते, आणि मामा तिच्या पाठीशी उभा असतो. लुगडं मी आवतणाच्या आधीच सोलापूरहून मागवून ठेवलं होतं. हळदीसारखं पिवळं, काठाला लाल रेशीम. त्या काळात तसं कापड डोळ्यांनी दिसत नव्हतं. ही भाची लहान असताना मी फेरीवर त्यांच्या गावी गेलो, की माझ्या गाठोड्यावर चढून बसायची आणि "मामा, हो!" म्हणून मला बैलासारखं हाकायची. तिनं दुसऱ्या कुणाच्या लुगड्यात उभं राहायचं, हा विचार मनात आला की घास अडकायचा. दाजींचं ते 'ये' आठवलं की ताट सरकवावंसं वाटायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला दाजी दारात उभे. पायी. धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं. गाडीचा कणा वाटेत मोडला होता आणि ते उरलेला रस्ता चालत आले होते.

"चल," ते म्हणाले. "उद्या गोरजला लगीन हाय."

"आवतण?" मी विचारलं.

"मग म्या काय इथवर तंगड्या तोडत भजनाला आलो व्हय?"

"हातावर अक्षत कुठाय?"

"गाडीत ऱ्हायली."

माझ्या बायकोनं आतून भाकरी थापता थापता हळूच म्हटलं, "लुगडं तेवढं द्या की त्यांच्याजवळ. तुम्ही नका जाऊ." तिला बरोबर ठाऊक होतं मी काय म्हणणार ते. लुगडं जाईल आणि मी नाही, असं कसं होईल?

गाडीवाटेनं वळसा घालून जायचं तर दुसऱ्या दिवशीचं लग्न हुकलंच. डोंगरातून सरळ गेलं तर पहाटे निघून दिवस मावळायच्या सुमाराला पोचता येतं. पण ती वाट नुसती डोंगराला ठाऊक होती आणि मला. म्हणजे दाजींना माझी गरज दोन बाजूंनी होती, मामा म्हणून आणि वाटाड्या म्हणून. सौद्याला बसताना समोरच्याची गरज दुहेरी निघाली, की माझ्या अंगात काय संचारतं ते मी सांगत नाही. ज्यानं कधी माल विकला आहे त्याला ते कळेल.

आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. पूजा झाल्याशिवाय तोंडात अन्न नाही. मी अंधारातच उठून आंघोळ-पूजा उरकली. दाजींना हलवून उठवलं तेव्हा तांबडं फुटायला आलं होतं. "निघू आता, पूजा करतो की वाटंत वढ्यावर," असं म्हणून ते तसेच निघाले. त्यांच्या गावच्या ओढ्याला उन्हाळाभर पाणी असायचं. त्यामुळं जगातल्या सगळ्या ओढ्यांना असतं, अशी त्यांची समजूत. मी काही बोललो नाही. माझ्या खांद्याला पाण्याचा तांब्याचा चंबू होता, तोंडाला फडकं गच्च बांधलेलं. पाठीला गाठोडं. त्यात लुगडं, बहिणीचं लुगडं-चोळी, भाकरी, चटणी, चार कांदे.

पहिल्या चढाच्या पायथ्याशी मी एका दगडावर बसलो.

"काय झालं?" दाजी म्हणाले.

"मला एक सांगा, मामानं स्वतःचा आहेर स्वतःच्या पाठीवर वाहून न्यायचा, ही कुठली रीत?"

"तू रोजच वाहतोस की."

"रोज मी विकायला नेतो. आज मी मामा आहे."

दाजींनी डोंगराकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि हात पुढं केला. मी गाठोडं त्यांच्या पाठीवर चढवलं, गाठ छातीवर कशी घ्यायची ते दाखवलं आणि म्हटलं, "आता आपल्या दोघांत गाठोडंवाला कोण, दाजी?"

त्यांनी पाय चढाला लावला. चढाला बोलायला दम लागतो.

मी मोकळ्या पाठीनं तो डोंगर चढलो, तो माझ्या जन्मातला पहिलाच. आजवर प्रत्येक चढावर ओझ्यानं मान खाली असायची. दिसायचे ते नुसते मुरूम, गवताची कुसळं आणि स्वतःचे अंगठे. त्या दिवशी मान वर होती. दोन्ही बाजूला सीताफळीची वाळकी झुडपं, हिवराची काटेरी झाडं, मधूनच एखादा पळस सगळी पानं झाडून नुसता लाल. वर चढावं तसा वारा वाढत गेला. माथ्यावर पोचलो आणि पुढं बघतो तर डोंगरामागं डोंगर, सगळे उघडे, काळे, माथ्यावर सपाट, जणू कुणी एका हातानं वरून पुसून घेतलेले. मला एकदम हसू आलं. कशाचं म्हणाल तर कशाचंच नाही. पोटातून वर आलं आणि सुटलं.

"काय झालं?" दाजी मागून धापा टाकत.

"काही नाही. डोंगर आहेत."

"डोंगर हाईत त्यात हसायसारखं काय हाय?"

मला सांगता येईना. म्हणून मी धारेवरून पळत सुटलो. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, पंचक्रोशीत चिडका म्हणून नावाजलेला माणूस. फेट्याचा शेव वाऱ्यावर उडतोय आणि मी पोरासारखा पळतोय. एक तित्तर पायाखालून फर्रकन उडाला, त्याच्यावर ओरडलो. तोही काहीतरी बोलला. आम्ही दोघं खूश.

डोंगराची झिंग म्हणतात ती हीच असणार. मला ती आधी कधी का चढली नव्हती, तर पाठीवर नेहमी माल असायचा. माल असला की माणूस डोंगरात असूनही बाजारातच असतो.

ऊन वर आलं तेव्हा आम्ही दोन डोंगरांमधल्या ओढ्यावर उतरलो. ओढा म्हणजे काय, गुळगुळीत गोट्यांची एक वाट. दाजींनी गाठोडं टेकवलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एक गोटा उलटा करून पाहिला. त्याच्या खाली विंचू होता.

"पाणी कुठाय?"

"पावसाळ्यात असतं."

मी सावलीला बसून भाकरी सोडली, कांदा बुक्कीनं फोडला. दाजी समोर बसले. भुकेनं त्यांची नजर भाकरीबरोबर वरखाली व्हायची. पण पूजेशिवाय घास घेणारा माणूस नव्हे तो. तेवढं मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलतो.

"तुझ्या चंबूत पाणी हाय," ते शेवटी म्हणाले.

"आहे."

"पूजेपुरतं दे."

"देतो की. पण दाजी, मला असं वाटतं, तुमच्या गावात शिरताना मामानं चोरासारखं शिरू नये."

"म्हंजी?"

"वेशीत हलगी पाहिजे. आणि तुम्ही स्वतः वेशीच्या बाहेर यायचं, हातात नारळ घ्यायचा, आणि चारचौघांत म्हणायचं, 'मामा, चला.'"

"आता तर संगं चाललो हावोत आपण! वेशीच्या भायेर म्या येऊ कसा? तुझ्यासंगंच असंन की म्या!"

"तुम्ही आधी आत जायचं. मग बाहेर यायचं."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की त्या गोट्याखालचा विंचू बरा. मग म्हणाले, "दिलं."

मी चंबू पुढं केला. आणि इथं माझा हिशोब चुकला. मला वाटलं होतं, ओंजळभर पाणी घेतील. दाजींनी आधी हात धुतले. मग पाय. मग तोंड. मग डोक्यावरून घेतलं. त्यानंतर निवांत मांडी घालून लिंग तळहातावर घेतलं आणि शेतीवाडीच्या माणसाला शोभेल अशी सावकाश, हात सैल सोडून पूजा केली. मी ओरडत होतो, "दाजी, आपल्याला प्यायचं पण आहे!" ते डोळे मिटून. पूजेत माणसाला अडवता येत नाही. डोळे उघडले तेव्हा चंबूच्या तळाशी एका चिमणीपुरतं पाणी होतं. तेही त्यांनी भाकरीवर पिऊन टाकलं.

"झरा असंल की म्होरं," असं म्हणून त्यांनी ढेकर दिला.

पुढचा डोंगर उन्हाचा. खालचा दगड वहाणेतून भाजत होता, वरचं आभाळ पांढरं पडलं होतं. मी एक खडा तोंडात धरला, कांद्याचा उरलेला तुकडा फेट्यात घातला आणि नागमोडी चढायला लागलो. तहान लागली होती, पण झिंगही उतरत नव्हती. उलट तहानेनं ती आणखी चढली. प्रत्येक टेपाडावर थांबून मी एकेक मागणी काढायचो.

"फेटा जरीचा पाहिजे, दाजी. सुती नको."

"दिला."

"पंगतीत पहिलं पान माझं. व्याह्याच्या शेजारी."

"दिलं. चल."

"आणि तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही."

"कंचा?"

"गाठोडं..."

"गाठोडं तर माज्याच पाठीवर हाय मर्दा! चल!"

मागेल ते मिळत होतं. दुकानात असं कधी होत नाही. दुकानात प्रत्येक गोष्टीला घासाघीस. इथं समोरच्याला दमच नव्हता नाही म्हणायला. मला हसू आवरेना, दाजींना राग काढता येईना, आणि त्यांचा तो लालबुंद चेहरा बघून मला आणखी हसू. ज्या झऱ्याच्या भरवशावर होतो तिथं पोचलो तर खडकावर नुसता ओला डाग. त्यावर मधमाश्या बसलेल्या. दाजींनी त्या डागाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

मी तिथं थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. म्हणालो, "बैल सोडले की तुमची गाडी आणि तुम्ही सारखेच, दाजी. जागच्या जागी."

दाजींनी गाठोडं खाली ठेवलं. नीट, दोन्ही हातांनी. मग त्याच्या शेजारी बसले आणि पाय लांब केले.

"म्या न्हाय येत," ते म्हणाले.

"काय?"

"तू जा. तूच बाप हो, तूच मामा हो. लगीन लावून टाक पोरीचं. म्या हितंच ऱ्हातो. लई छान वारं हाय हितं."

मला आधी वाटलं चेष्टा. मग दिसलं, की आमच्या सावल्या आमच्यापेक्षा लांब झाल्यात. मामाशिवाय लग्न लागतं, तोंड वाकडं करून का होईना लागतं. पण बापाशिवाय? आणि बहीण काय म्हणेल? मी दाजींच्या समोर उकिडवा बसलो.

"बरं, पहिलं पान राहू द्या. दुसरं चालेल."

दाजी लांब डोंगराकडं बघत राहिले.

"पंगतीत कुठंही बसवा."

काही नाही.

"फेटा सुती चालेल."

"सुती पण म्या देत न्हाय."

"नका देऊ. माझ्याच डोक्यावर आहे की एक."

"आन् हलगी?"

ते मला जड गेलं. हलगी म्हणजे पाण्याच्या बदल्यात मिळवलेली. पाणी तर गेलं होतं. "बरं," मी म्हणालो, "हलगी नको. वेशीतलं आवतण पण नको. उठा आता."

दाजींनी गाठोड्याकडं नुसता डोळ्यांनी इशारा केला. मी ते उचललं, पाठीवर टाकलं, छातीवर गाठ मारली. तेव्हा ते उठले, धोतर झटकलं आणि पुढं चालू लागले. सकाळपासून कमावलेलं सगळं एका बैठकीत गेलं होतं. आणि तरी त्या माणसाचे खांदे मागून बघताना मला पुन्हा हसू फुटलं. इतका चांगला सौदा माझ्याशी आजवर कुणी केला नव्हता. थोड्या वेळानं त्यांचेही खांदे हलायला लागले. मागं वळून बघेनात, पण हलत होते.

शेवटच्या कड्यावर पोचलो. खाली गाव दिसलं. आंब्याच्या डहाळ्यांनी झाकलेला हिरवा मांडव, त्यातून निघणारा धूर. दाजी एकदम किंचाळले, "गुरं!"

त्यांच्या गावात घड्याळ नव्हतं आणि लग्न लावणारे स्वामीही घड्याळ मानत नव्हते. गोरज म्हणजे खरोखरचीच गोरज. गावची गुरं धूळ उडवत वेशीत शिरली, की हलगी वाजायची आणि अक्षता पडायच्या. तिथं मुहूर्त गुरांच्या खुरांवर चालायचा. आणि ती गुरं आमच्या खालच्या उतारावर गोळा झाली होती, तोंडं गावाकडं करून.

"भाचीला लुगडं नेसवायला तरी वेळ पाहिजे!" मी म्हणालो, आणि आम्ही दोघं उतारावरून घसरत, धडपडत, करवंदीच्या जाळ्यांना धरत खाली सुटलो. मी वरूनच ओरडत होतो, "गुरं थांबवा! ए! गुरं थांबवा!"

गुरं राखणारी एक म्हातारी होती. काठीवर हनुवटी टेकवून ती आमची उतरण बघत होती, तमाशा बघावा तशी.

"थांबल्याली हाईत की," ती म्हणाली. "तुमी कशापायी कोसळताय?"

तिच्या पायाशी नुकतंच जन्मलेलं वासरू होतं, ओलं, थरथरतं. शेजारी तांबडी गाय त्याला चाटत उभी.

"ही दुपारी व्याली. समद्यांच्या म्होरं चालणारी हीच. ही हलल्याबिगर बाकीची हलत न्हाईत, आन् वासरू टाकून ही हलत न्हाय. माज्यानं ते उचलत न्हाय. मगापासनं बसलीया, कोन तरी खांद्याचा गडी येतोय का बघत."

"मावशी, पाणी आहे का?" मी विचारलं. तिच्या कमरेला पाण्याचा वाळका भोपळा होता.

"हाय. वासरू उचलणार का?"

"आधी पाणी."

"आधी वासरू."

मी मुरलेला व्यापारी माणूस. समोरच्याच्या डोळ्यांत बघून कळतं, किती वाकेल. ही वाकणारी नव्हती. मी गाठोडं दाजींच्या अंगावर टाकलं आणि म्हणालो, "दाजी, तुम्ही पळा पुढं. लुगडं नेसवा. ही गाय माझ्यामागून येईल. मी वेशीत पाऊल टाकत नाही तोवर अक्षता पडत नाहीत." मग वासरू उचलून मानेवर घेतलं. त्याचे चारी पाय माझ्या छातीवर. म्हातारीनं भोपळा माझ्या तोंडाला लावला. त्या पाण्याला भोपळ्याची कडवट चव होती आणि मी ते अजून विसरलेलो नाही.

दाजी पळाले. खरंच पळाले. बैलगाडीतून न उतरणारा तो माणूस पाठीवर गाठोडं घेऊन शेतांच्या बांधावरून उड्या मारत पळताना मी बघितला आहे.

मी मागून निघालो. तांबडी गाय नाक माझ्या पाठीला लावून, हंबरत. तिच्या मागं सगळा कळप. उन्हाळ्यातली मऊ धूळ वर उठली आणि मावळतीच्या उजेडात सगळीकडं सोनं झालं. माझ्या पोटऱ्यांचे गोळे उडत होते, मानेवरून काहीतरी कोमट ओघळत होतं, तोंडात धूळ होती. मी मोठमोठ्यानं हसत होतो. म्हातारी म्हणाली, "पाव्हणा प्यालाय जनू."

वेशीपाशी आलो आणि थांबलो. दगडी कमानीच्या आत हलगीवाले तयार होते, माणसांची गर्दी होती. मी थांबलो म्हणून गाय थांबली, गाय थांबली म्हणून सगळी गुरं थांबली. आतून नवऱ्याच्या बापाचा आवाज आला, "अवो, गुरं का थांबली?" कुणीतरी म्हणालं, "मामा थांबलाय!" "मामा कुठला? तो तर वासरूवाला!" "त्योच मामा हाय!"

गर्दी माझ्याकडं बघत होती. स्वामीही बघत होते. सूर्य डोंगराच्या काठाला टेकला होता. आणि मला जाणवलं, की या गावातला आजचा मुहूर्त आता माझ्या दोन पायांत आहे. मी एक पाऊल टाकलं की लग्न. नाही टाकलं की नाही.

एवढ्यात दाजी आतून धावत आले. "नेसली! नेसली पोरगी! पिवळंजरद दिसतंय! ये आता!"

पुन्हा 'ये'.

मी जागचा हललो नाही. डोंगरावर मी आवतण सोडून दिलं होतं, हे खरं. पण ते तिथलं, तहानेतलं. इथं वेस होती, हलगी होती, चारचौघं होते. मी काही मागितलं नाही. नुसता उभा राहिलो आणि दाजींकडं बघत राहिलो. वासरानं माझ्या कानात श्वास सोडला.

दाजींना कळलं. सगळ्या गावासमोर त्यांचा चेहरा एकदा लाल झाला, एकदा उतरला. मग त्यांनी डोक्यावरचा पटका काढून काखेत धरला. शेजारच्याच्या हातातला नारळ घेतला. वेशीच्या बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले. हलगीवाल्यांनी काड्या उचललेल्या. कुणी खोकेना. दाजींनी तोंड उघडलं.

"मामा..." ते म्हणाले.

आणि तांबड्या गाईनं मला मागून ढुशी दिली. अशी, की मी वासरासकट दाजींच्या अंगावर, दाजी नारळासकट मागं, आणि आम्ही तिघं वेशीच्या आत. माझ्यामागून गाय, गाईमागून कळप, धूळच धूळ. हलगी कडाडली. स्वामी ओरडले, "गोरज! गोरज झाली! मामा कुठाय, मामाला आणा!" चार हातांनी मला उचललं, वासरू कुणीतरी काढून घेतलं, आणि मी भाचीच्या पाठीशी उभा होतो.

पिवळं लुगडं तिला अगदी शोभलं होतं. तिला मागं वळून बघता येत नव्हतं. डोकं जराही न हलवता ती पुटपुटली, "मामा, तुमीच ना?"

"मीच."

"वास लई येतोय."

"गाईचा आहे."

तिचे खांदे हलायला लागले. अक्षता पडत होत्या आणि ती हसत होती, आवरून आवरून. दिवसभर पोरगी उपाशी बसली होती, मामा येतो की नाही म्हणून. बायका म्हणाल्या, नवरी रडायला लागली. मला हसू येत होतं, मला रडू येत होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते. सगळं एकदम.

पंगतीत मला पान मिळालं ते खांबाच्या आड. व्याह्याच्या शेजारी नाही. दाजी वाढायला आले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"वेशीत काय म्हणणार होता? 'मामा' काय?"

"कधी?"

"गाईनं ढकललं त्याच्या आधी."

दाजींनी माझ्या भातावर तुपाची धार सोडली, आणि हसण्याच्या भरात ती सगळ्या पानावर गेली. "आता आत आलायस न्हवं?" ते म्हणाले. "जेव की."

मी जेवलो. पण आत मी आलो नव्हतो. मला गाईनं आणलं होतं. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं, आणि अजूनही विचारेल त्याला सांगतो. दाजी भेटले की मी त्यांना तेच विचारतो आणि ते तेच उत्तर देतात, मग आम्ही दोघंही हसून हसून बेजार होतो. पण त्यांनी ते वाक्य अजून पुरं केलेलं नाही.